उत्पन्न सालाचं, खर्च महिन्याचा

(नाशिक येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून बसला आहात. भावाचे, विम्याचे, विजेचे ठराव झाले. आता आम्ही जे बोलणार आहोत त्याचा ठराव करायचा नाही. प्रपंच, पैसा आणि बदललेला जमाना याबद्दल आमची काही मतं झाली आहेत, ती मोकळेपणानं मांडायची आहेत. पटली तर घ्या, नाही पटली तर चहाच्या वेळी भांडा.

इथून नाशिकरोड काही लांब नाही. तिथल्या छापखान्यात १९२८ सालापासून नोटा छापतात. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं आपल्या जिल्ह्यात नोटांचं पीक येतं आहे आणि ते कधी दुष्काळात बुडालं असं आम्ही ऐकलेलं नाही. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, मालेगाव-नांदगाव-येवल्याच्या कोरडवाहू रानात, पोळ्याला बैलांचा साज घ्यायचा तरी शेजाऱ्याकडे हात पसरावा लागतो. नोट आपल्या दारात जन्मते आणि सासरी जाते ती परत माहेरी येतच नाही.

आता तर नोटही दिसेनाशी झाली. ८ नोव्हेंबर २०१६ ला, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत, पाचशे आणि हजाराच्या नोटा एका रात्रीत बंद झाल्या. तेव्हापासून हळूहळू फोनवरून पैसे देण्याची सवय लागली. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण बंडीच्या खिशातून नोट काढताना माणूस एकदा विचार करत होता. आता पैसा जातो तेव्हा दुकानातला डबा बोलतो, आपण काही बोलत नाही.

साहेबांचा उपदेश

आम्ही राहुरीच्या विद्यापीठाचे कृषी पदवीधर. चळवळीत येण्याआधी काही वर्षं नोकरी केली. गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना शिकवायचं, हे काम. माती परीक्षण, बीजप्रक्रिया, दोन ओळींतलं अंतर हे सगळं सांगून झालं की शेवटची दहा मिनिटं एक ठरलेला पाठ असे : खर्च कमी करा, लग्नं साधी करा, जमाखर्चाची वही ठेवा. लोक माना डोलवायचे. आम्हाला वाटायचं, पटलं.

नांदगाव तालुक्यातल्या एका गावी असाच पाठ देत होतो. मागे बसलेले एक म्हातारबाबा उठले आणि म्हणाले, "साहेब, तुमचा पगार कधी होतो?"

"एक तारखेला."

"दर महिन्याला?"

"हो."

"किती होणार ते आधी ठाऊक असतं?"

"असतं."

"मग आता असं धरा, की तुमचा पगार वर्षातून एकदाच, दिवाळीनंतर होणार. किती होणार ते दुसराच कुणीतरी त्या दिवशी सांगणार. पाऊस रुसला तर होणारच नाही. अशा पगारावर तुम्ही घर कसं चालवाल ते आम्हाला सांगा. आम्ही तसंच चालवू."

सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. पण परत येताना मोटारसायकलवर ते हसू टिकलं नाही. पदवीच्या चार वर्षांत हा प्रश्न कोणत्याही पेपरात आला नव्हता, आणि त्याचं उत्तर आमच्या वहीत नव्हतं.

दीडशे वर्षांचा जुना आरोप

शेतकरी उधळ्या आहे म्हणून कर्जात बुडतो, हा आरोप नवा नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारानं हात सैल सोडला. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले. सरकारी सारा मात्र वाढला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली आणि उठाव पुणे-नगर भागात पसरला.

इंग्रज सरकारनं चौकशी आयोग नेमला. तेव्हाही साहेब लोकांचं म्हणणं हेच होतं, की कुणबी लग्नात पैसा उधळतो. आयोगानं हिशोब तपासले आणि जे लिहिलं त्याचा मतलब असा : लग्नकार्याच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. ऐपतीच्या मानानं खर्च जास्त दिसतो हे खरं, पण असे प्रसंग क्वचितच येतात, आणि बऱ्याच वर्षांचा मिळून हिशोब धरला तर एवढा खर्च करण्याचा त्या माणसाला हक्क आहे. हे कुणा चळवळ्यानं लिहिलेलं नाही, परक्या सरकारच्या आयोगानं लिहिलेलं आहे.

जोतीराव फुल्यांनी तर दोन्ही गोष्टी केल्या. १८७३ साली सत्यशोधक समाज काढून कमी खर्चाची लग्नं लावून दाखवली. आणि १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा शेतकऱ्याच्या दारिद्र्याचं खापर लग्नाच्या मांडवावर न फोडता सारा, लोकल फंड, कोर्टकचेऱ्या आणि कामगारांचे पगार यांचा हिशोब मांडला. घरात बोलताना काटकसर सांगायची आणि सरकारशी बोलताना लुटीचा हिशोब मागायचा. आमचंही तेच मत आहे. काटकसरीचा उपदेश करण्याचा हक्क घरच्या माणसाला आहे, लुटणाऱ्याला नाही.

खळ्यावरचा हिशोब

मग बदललं काय? आमच्या आजोबांच्या वेळीही उत्पन्न वर्षातून एकदाच येत होतं. पण खर्चही वर्षातून एकदाच द्यायचा होता. सुतार, लोहार, न्हावी, कुंभार सगळ्यांचं बलुतं सुगीला खळ्यावर. सालदाराचं साल आखाजीला ठरायचं. वाण्याची उधारी पीक आल्यावर फिटायची. सगळ्या गावाचं घड्याळ ज्वारीच्या कणसाला बांधलेलं होतं. पीक बुडालं तर सगळ्यांचंच बुडायचं, आणि तगादा करणाऱ्यालाही ते डोळ्यांनी दिसायचं.

त्या जमान्याचे गोडवे आम्ही गाणार नाही. बलुत्यात माणूस जातीला बांधलेला होता. कुणाला मान, कुणाला शिळा तुकडा. ते मोडलं हे चांगलंच झालं. सांगायचं एवढंच, की ते घड्याळ मोडल्यावर जे नवं घड्याळ घरात आलं ते पगारदारासाठी बनवलेलं आहे. त्याचे काटे एक तारखेला बाराचे ठोके देतात. आपल्या कापसाला एक तारीख ठाऊक नाही.

आज आपल्या घरात महिन्याच्या महिन्याला काय काय द्यावं लागतं ते मोजा. गॅसची टाकी, विजेचं बिल, पोरांच्या शाळेची गाडी, क्लास, म्हातारीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, मोटारसायकलचा हप्ता. यात चैन कोणती ते आम्हाला दाखवा. वस्तीवर एसटी येत नाही म्हणून मोटारसायकल आली. चुलीच्या धुरानं आईचे डोळे गेले म्हणून गॅस आला. पोरानं आपल्यासारखे ढेकळं फोडू नयेत म्हणून क्लास आला. ज्याला हा खर्च उधळपट्टी वाटतो त्यानं आधी आपल्या घरातला बंद करून दाखवावा.

२८ दिवसांचा महिना

एक गंमत बघा. आपल्या घरातला महिना तीस दिवसांचा, पण फोनवाल्याचा महिना बहुतेक वेळा २८ दिवसांचा. म्हणजे त्याच्या वर्षाचे महिने तेरा. फोन न परवडणारी वस्तू आहे असं आम्ही म्हणत नाही. बाजारभाव, हवामान, पोराचा अभ्यास, पुण्याला गेलेल्या लेकीचा आवाज सगळं त्यातच आहे. पण हिशोब करा.

घरात तीन फोन. एका रिचार्जला तीनशे रुपये धरा. तीन गुणिले तेरा, एकोणचाळीस रिचार्ज. एकोणचाळीस गुणिले तीनशे, अकरा हजार सातशे रुपये. यावर अठरा टक्के जीएसटी आतच धरलेला आहे, म्हणजे त्यातले सतराशेच्या वर रुपये कराचे.

आता दुसरी बाजू. २०१९ पासून केंद्राकडून पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार येऊ लागले. २०२३ पासून राज्याचे 'नमो'चे सहा हजार. दोन्ही मिळून बारा हजार. त्यातून तीन फोनचे रिचार्ज गेले, उरले तीनशे. दोन दोन सरकारांनी मिळून शेतकऱ्याला जो सन्मान दिला तो तीन फोन चालू ठेवण्यापुरता, वर एक रिचार्ज जादा. त्यावर पुन्हा फलक लावून आपले आभार मागतात.

महिन्यानंही भागेना म्हणून आता आठवडाही आला. बायांच्या नावानं फायनान्सचे गट निघाले. कर्ज दारात येतं, तारण लागत नाही, सही झाली की पैसे. पण हप्ता दर आठवड्याला, किंवा पंधरवड्याला. एकीनं भरला नाही तर बाकीच्या नऊ जणी तिच्या ओट्यावर बसतात. सावकार एकटा यायचा, आता शेजारणींनाच वसुलीला पाठवतात. उत्पन्न सालाचं, खर्च महिन्याचा आणि हप्ता आठवड्याचा, अशा तीन चाकांच्या गाडीला ज्या घरात बाई जुंपली आहे, त्या घरात काटकसरीवर भाषण द्यायला आमची जीभ उचलत नाही.

हप्त्याची तारीख आणि कापसाचा भाव

आता यात भावाचा संबंध कुठे आला? इथेच आला. पहिली वेचणी घरात येते न येते तोच हप्त्याची तारीख येते. खेडा खरेदीचा व्यापारी काटा घेऊन दारात उभा. त्याला कापसाची प्रत हातानं कळते, पण त्याहून जास्त त्याला आपल्या हप्त्याची तारीख पाठ असते. ओलावा जास्त आहे, माल पिवळा आहे असं तो म्हणतो, आणि आपण बाजार समितीपर्यंत न जाता मोजून देतो. ज्याला आज पैसे हवेत त्याला भाव मागता येत नाही.

थांबलं की भाव मिळतोच असंही नाही. २०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात लोकांनी त्याच आशेनं घरं कापसानं भरून ठेवली, पोरंबाळं ओसरीत झोपली, आणि भाव उतरत गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमके आपल्या वेचणीचे दिवस. घर आपण सांभाळायचं, दार मात्र दिल्लीनं उघडायचं. म्हणून आम्ही म्हणतो, घरखर्च आणि बाजारभाव हे दोन विषय नाहीत. एकाच दोरीची ती दोन टोकं आहेत.

मुलगी कुणाला द्यायची

आता जरा नाजूक बोलतो. आज गावोगाव तिशी उलटलेली पोरं लग्नावाचून आहेत. दहा एकर रान आहे, बैलजोडी आहे, निर्व्यसनी आहे, पण मुलगी मिळत नाही. मग आपण मुलींच्या बापांना नावं ठेवतो. आम्हीही ठेवत होतो, आमच्या घरात तो प्रसंग येईपर्यंत.

आमच्या भाचीला एक स्थळ आलं. दाजींनी आम्हाला बोलावून घेतलं. मुलाचं नाव-गाव ऐकलं आणि आमच्या तोंडातून पहिला प्रश्न निघाला, "मुलगा नोकरीला कुठं आहे?" भाची आतून पाणी घेऊन येत होती. म्हणाली, "मामा, तुम्ही तर शेतकऱ्यांच्या सभा घेता ना?"

भावांनो, आम्हाला त्या दिवशी पाणी गिळवेना.

नंतर रात्री बसून हिशोब केला. पाच एकर कोरडवाहू कापूस, एकरी चार क्विंटल, वीस क्विंटल माल. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. हमीभाव पुरा मिळाला असं धरलं, जो पुष्कळदा मिळत नाही, तर १ लाख ६२ हजार. बियाणं, खत, फवारणी, वेचणी जाऊन निम्मे उरले असं धरलं, तर ८१ हजार. बारांनी भागा. महिना पावणेसात हजार. आणि सातव्या वेतन आयोगात केंद्राच्या सगळ्यांत खालच्या कर्मचाऱ्याचा मूळ पगार २०१६ पासून महिना १८ हजार, महागाई भत्ता वेगळा. मुलीच्या बापाला शेतीचा तिटकारा नाही. त्याला फक्त भागाकार येतो.

जुनी माणसं सांगतात, १९७२ च्या सुमाराला क्विंटलभर कापूस विकला की तोळाभर सोनं यायचं. २०२५ साली सोनं तोळ्याला लाखापुढं गेलं. म्हणजे एका तोळ्याला बारा क्विंटलहून जास्त कापूस. तीन एकरांचा सगळा माल, खर्च वजा न करता, लेकीच्या गळ्यात एका तोळ्यानं संपला. मंगळसूत्र तेवढंच राहिलं, रान मात्र वितळलं.

पण भाची त्या दिवशी आणखी एक बोलली, ते भावाच्या हिशोबात बसत नाही. म्हणाली, "मामा, मला शेतकरी चालेल. पण मी वेचलेल्या कापसाची पट्टी कुणाच्या नावानं निघणार? सातबाऱ्यावर माझं नाव लागणार का? घरात पैसा कशावर खर्च होतो ते मला विचारणार का?" याचं उत्तर दाजींकडे नव्हतं, आमच्याकडेही नव्हतं. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला आपल्याच जिल्ह्यात, चांदवडला, शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. पुढं 'लक्ष्मीमुक्ती'त गावंच्या गावं बायकोच्या नावानं जमीन करून द्यायला उठली. त्याला किती वर्षं झाली ते मोजा आणि आपल्या घरचा सातबारा काढून बघा. सरकारचा भाव सरकारनं द्यायचा आहे. हा भाव आपल्याच हातात होता.

ते स्थळ पुढं गेलं नाही. भाची आज पुण्याला नोकरी करते.

आमची चार मतं

पहिलं. लग्न, बारसं, तेराव्याचं जेवण हे माणसाचे आनंद आणि दुःखं आहेत. ते करावेत, पण घरात असेल त्यातून करावेत. लग्नासाठी व्याजानं पैसे काढू नयेत. डीजे आणि लग्नाआधीचं शूटिंग नसलं म्हणून कुणाचा संसार मोडलेला आम्ही पाहिला नाही. गावानं मिळून ठरवलं तर कुणा एकाला कमीपणा येत नाही. हे आम्ही घरचा माणूस म्हणून सांगतो. हेच वातानुकूलित खोलीतून कुणी सांगितलं तर त्याला १८७५ च्या आयोगाचा अहवाल वाचायला द्या.

दुसरं. ज्याचं उत्पन्न पिकावर, त्याचा हप्ताही पिकावर असला पाहिजे. ज्याच्या घरी पगार येत नाही त्यानं आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज घेण्यापूर्वी तीनदा विचार करावा, आणि घरच्या बाईला सहीपुरतं पुढं करू नये. बँकांकडे आणि फायनान्सवाल्यांकडे आपली मागणी सुगीनंतरच्या हप्त्याची असावी.

तिसरं. सगळा माल एका दिवशी एका काट्यावर घालू नये. कापूस तीन भागांत विकावा. चढला तर तिसरा भाग हाताशी असतो, पडला तर पहिला विकलेला असतो. ज्वारीला बाजार समितीची शेतमाल तारण योजना आहे. सहा महिन्यांपर्यंत सहा टक्के व्याजानं पैसे मिळतात, माल आपलाच राहतो. आपल्या समितीत ती चालू आहे का ते जाऊन विचारा. नसेल तर का नाही ते चारचौघांत विचारा.

चौथं मत हे खरं तर काम आहे. सरकार उत्पादन खर्च काढतं तेव्हा बियाणं, खत, मजुरी, घरच्या माणसांचे श्रम धरतं. स्वामिनाथन आयोगानं २००६ साली उत्पादन खर्चावर किमान पन्नास टक्के वर द्या असं सांगितलं. त्या पन्नास टक्क्यांत घर चालतं की नाही, हे सांगायला आपल्याजवळ लिहिलेला आकडा नाही. म्हणून प्रत्येकानं एक कागद घ्यायचा. डाव्या बाजूला बारा महिने. उजव्या बाजूला त्या महिन्यात आलेले पैसे आणि गेलेले पैसे. रिचार्जसुद्धा लिहा, तंबाखूसुद्धा लिहा. आणि तो कागद नवऱ्यानं एकट्यानं भरायचा नाही. घरातल्या बाईला शेजारी बसवून भरायचा. कोणत्या महिन्यात डबा रिकामा असतो ते तिलाच ठाऊक असतं.

म्हातारबाबांनी आम्हाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आमच्याजवळ आजही पुरतं नाही. पण त्या गावात तेव्हा हातात उपदेशाचा कागद घेऊन गेलो होतो. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना तुम्ही तुमचे कागद घेऊन या. आम्ही आमच्या घरचा आणतो. मग ठराव करू.